कॉनर, अस्टेरियन आणि विदर्स: ‘बॉल्डर्स गेट ३’मध्ये मंत्राची हद्द नेमकी कुठे संपते?

मांजराकाठ (लातूर)

सर्वांना नमस्कार. ज्यांचा ‘बॉल्डर्स गेट ३’ हा संगणकावरचा गेम अजून खेळून व्हायचा आहे त्यांनी कृपया पुढे वाचू नये. कथेतील शेवटपर्यंतच्या गोष्टी उघड केल्याशिवाय मला हा प्रश्न विचारताच येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत माझा मावसभाऊ नांदेडहून आमच्याकडे आला होता आणि रात्री घरातील मंडळी झोपल्यावर आम्ही दोघे आळीपाळीने हा गेम खेळत असू. पहिल्या अंकातील दलदलीत मेरिना नावाची गरोदर बाई भेटते. तिचा नवरा कॉनर वारला आहे आणि तो परत मिळावा म्हणून तिने आँटी एथेल या चेटकिणीला पोटातील मूल देण्याचे कबूल केले आहे. आम्ही चेटकिणीला हरवून मेरिनाला सोडवले, चेटकिणीच्या घरातील कांडी शोधून काढली आणि कॉनरच्या शवपेटीजवळ जाऊन ती वापरली. कॉनर उठला, पण उठला तो सडलेल्या अंगाने, मुका, कांडी ज्याच्या हातात असेल त्याच्या हुकमाचा ताबेदार होऊन. मेरिना मात्र त्याला तसाच सोबत घेऊन बॉल्डर्स गेट शहराची वाट धरते, कारण तिथे कोणीतरी यावर उपाय सांगेल अशी तिला आशा आहे. भाऊ म्हणाला की आधीचा सेव्ह उघडू आणि कॉनरला पेटीतच राहू देऊ. मला ते पटले नाही, आणि का पटले नाही हे त्या वेळी नीट सांगताही आले नाही.

माझा प्रश्न असा आहे. त्याच गेममध्ये आपल्या तळावर विदर्स नावाचा हाडांचा सापळा उभा असतो आणि २०० सुवर्णमुद्रा घेऊन आपल्या मेलेल्या सोबत्याला जसाच्या तसा परत देतो, कितीही वेळा. मग कॉनरच्या बाबतीत ते का होऊ नये? मला आधी वाटले की उलटून गेलेल्या काळामुळे फरक पडत असेल. परंतु दुसऱ्या अंकात खलनायक केथेरिक थॉर्मची मुलगी आयसोबेल भेटते. ती तर सुमारे शंभर वर्षांपूर्वी वारलेली आणि तरीही हाडामांसाची, हसती-बोलती होऊन परतलेली आहे. म्हणजे माझा तर्क तिथेच मोडतो. आणि आपला व्हॅम्पायर सोबती अस्टेरियन? दोनशे वर्षे त्याला व्हॅम्पायर करणाऱ्या कॅझाडोरच्या गुलामीत काढून, शेवटी मालकापासून सुटूनही, ऊन बाधू न देणारी डोक्यातील अळी गेल्याबरोबर त्याला बंदरावरच्या उन्हातून पळ काढावा लागतो. तो प्रसंग पाहून मला फार वाईट वाटले. या जगात मेलेल्यांविषयी काही एक नियम आहे, की लेखकांनी प्रत्येक दार आपल्या सोयीने उघडले आणि बंद केले?

देवगिरीचा पहारेकरी (छत्रपती संभाजीनगर)

ताई, नियम आहे, आणि तो गेमपेक्षा जुना आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ १९७४ साली प्रथम प्रसिद्ध झाला. ‘बॉल्डर्स गेट ३’ त्याच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीवर उभा आहे. मी गेली काही वर्षे मित्रांसाठी तो खेळ चालवतो, त्यामुळे हा भाग थोडा विस्ताराने लिहितो.

सर्वप्रथम पात्राची लेव्हल आणि मंत्राचा दर्जा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पात्राच्या लेव्हल २० पर्यंत जातात, मंत्रांचे दर्जे ९ पर्यंत. ‘बॉल्डर्स गेट ३’ लेव्हल १२ वर थांबतो आणि त्या लेव्हलला जादूगाराच्या हाती फक्त सहाव्या दर्जापर्यंतचे मंत्र येतात. आता मेलेल्याला परत आणणारे मंत्र पाहा. तिसऱ्या दर्जाच्या ‘रिव्हिव्हिफाय’ला माणूस मरून एका मिनिटापेक्षा जास्त वेळ झालेला चालत नाही आणि ३०० सुवर्णमुद्रांचे हिरे खर्ची पडतात. पाचव्या दर्जाचा ‘रेझ डेड’ दहा दिवसांपर्यंत चालतो, ५०० चा हिरा घेतो आणि अनडेडला, म्हणजे मरूनही चालत्या-फिरत्या राहिलेल्या जिवाला, परत आणू शकत नाही, असे त्याच्या नियमातच लिहिलेले आहे. सातव्या दर्जाचा ‘रेझरेक्शन’ शंभर वर्षे मागे जातो, पण अनडेडला तोही हात लावत नाही. उरतो नवव्या दर्जाचा ‘ट्रू रेझरेक्शन’. त्याची मुदत दोनशे वर्षांची, किंमत २५,००० सुवर्णमुद्रांचे हिरे, आणि नियमाच्या सुधारित मजकुराप्रमाणे मेलेला जीव अनडेड असेल तर तो त्याच्या मूळ, अनडेड नसलेल्या रूपात परत येतो. एवढे सामर्थ्य असूनही म्हातारपणाने आलेल्या मरणापुढे तोसुद्धा चालत नाही.

किमती आणि मुदती ही झाली बाहेरची कुंपणे. खरे कुंपण आत आहे: या मोठ्या मंत्रांमध्ये एक अट पुन्हा पुन्हा येते की आत्मा मोकळा असला पाहिजे आणि परत यायला राजी असला पाहिजे. याउलट प्रेत उठवणारा ‘ॲनिमेट डेड’ आत्म्याला काही विचारतच नाही. तो हाडांना किंवा मांसाला चालते करतो, एवढेच. म्हणूनच तो तिसऱ्या दर्जाला मिळतो आणि म्हणूनच त्याची पकडही कच्ची असते. मूळ नियमात उठवलेले प्रेत चोवीस तासच हुकूम मानते. ती मुदत संपण्याआधी मंत्र पुन्हा म्हणावा लागतो आणि तिसऱ्या दर्जाच्या एका मंत्रात जास्तीत जास्त चार प्रेते ताब्यात ठेवता येतात. मोठी फौज उभी करणारा जादूगार रोजची आपली शक्ती त्या फौजेला धरून ठेवण्यातच घालवतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

कॉनरचे उत्तर इथेच मिळते. कांडीने जे उठले ते कॉनरचे शरीर आहे. कॉनर त्यात नाही. आयसोबेलच्या मागे मिर्कुल या मृत्यूच्या देवाची शक्ती होती, आणि विदर्स म्हणजे जर्गल, ज्याने आपले अधिकार मिर्कुल, बेन आणि भाल या तिघांना देऊन टाकले तो जुना मृत्युदेव, असे जवळपास सगळेच जाणकार मानतात. देवांना आत्म्यापर्यंत थेट पोहोचता येते, आणि चेटकिणीची कांडी तिथवर जात नाही.

बालाघाट (बीड)

पहारेकरींनी नियम अचूक सांगितले आहेत, परंतु मला वाटते की गेममधील मर्यादांना आपण गरजेपेक्षा जास्त अर्थ देत आहोत. सातव्या दर्जापासूनचे मंत्र संगणकावर नीट उतरवणे फार अवघड होते, म्हणून लेव्हल १२ ला थांबलो, असे निर्मात्यांनीच सांगितलेले आहे. ती कामाची मर्यादा होती. तिला मृत्यूचे तत्त्वज्ञान मानणे मला योग्य वाटत नाही.

अस्टेरियनच्या बाबतीत तर गेम स्वतःचाच नियम पाळत नाही. ‘क्युअर वून्ड्स’ हा जखमा भरणारा मंत्र अनडेडवर चालत नाही असे त्याच्या वर्णनात दिलेले आहे, आणि तरी अस्टेरियनच्या जखमा त्याच मंत्राने भरतात. मी साठ-सत्तर तासांच्या खेळात शेकडो वेळा त्याच्यावर तो वापरला आहे. लढाईत तो पडला आणि मेला तरी ‘रिव्हिव्हिफाय’चे साधे स्क्रोल (मंत्र लिहिलेली गुंडाळी) त्याला उठवते. हिशेबाच्या वहीत तो जिवंत आणि कथेत मात्र मेलेला, अशी ही स्थिती आहे.

तरीही एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही, ती इथे मांडतो. आपला जादूगार सोबती गेल मेला तर त्याची जादूची प्रतिमा प्रकट होते आणि एक लांबलचक कोडे सोडवायला लावते. ते सोडवले की हाती येते ते ‘ट्रू रेझरेक्शन’चे स्क्रोल! ज्या गेममध्ये सातव्या दर्जाचा एकही मंत्र आपल्याला शिकता येत नाही, त्यात नवव्या दर्जाचा हा मंत्र एका माणसाच्या खिशात पहिल्या अंकापासून पडून आहे. हे केवळ कामाच्या सोयीसाठी केले असेल असे मला म्हणवत नाही. ज्याने कोणी ते स्क्रोल तिथे ठेवले, त्याला हा मंत्र काय करू शकतो हे ठाऊक होते.

दुधनाकाठची (परभणी)

बालाघाट दादांच्या शेवटच्या मुद्द्यासाठी मी हा धागा दोनदा वाचला. गेलजवळ ते स्क्रोल असणे त्याच्या कथेला धरूनच आहे. जादूची देवता मिस्ट्रा हिचा तो एकेकाळचा निवडलेला शिष्य, आणि त्याच्या छातीत बसलेला गोळा नेथेरिल साम्राज्याच्या जादूचा अंश आहे. या जगात जादूला हद्द कशी पडली याची मूळ कथा नेथेरिलमध्येच आहे. तिथल्या कार्सस नावाच्या जादूगाराने तेथील कालगणनेच्या उणे ३३९ या वर्षी बाराव्या दर्जाचा मंत्र म्हणून जादूच्या देवतेची शक्ती स्वतःत ओढून घेतली. त्याला ती पेलता आली नाही. देवतेने सगळी जादू कोसळू नये म्हणून स्वतःचे बलिदान दिले आणि आकाशात तरंगणारी शहरे खाली आली. देवता मिस्ट्रा या नावाने परत आली तेव्हा तिने इतक्या वरच्या दर्जाचे मंत्र माणसांच्या हातून कायमचे काढून घेतले. म्हणजे नवव्या दर्जावरचे कुंपण हे कथेतील एका अपराधामुळे पडलेले आहे. नवीन खेळाडूंचा इथे गोंधळ होतो म्हणून सांगते, कार्ससच्या मंत्राचा बारावा दर्जा आणि गेममधील पात्रांची लेव्हल १२ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पहारेकरी दादांचे आत्म्याविषयीचे म्हणणे मला बहुतेक मान्य आहे, पण त्यात एक अडचण दिसते. ‘स्पीक विथ डेड’ने प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. नियम स्पष्ट सांगतो की या मंत्राने आत्मा परत येत नाही, फक्त शरीरातील चेतना हलते. तरीही गेममध्ये तुम्ही ज्याला मारले त्याचे प्रेत तुमच्याशी बोलायला नकार देते. तुम्ही वेषांतराचा मंत्र वापरून चेहरा बदललात की तेच प्रेत बोलू लागते. याचा अर्थ आत्मा नसलेल्या शरीरातही ओळख आणि राग शिल्लक असतो. मग कॉनरच्या त्या मुक्या देहात काहीच उरलेले नाही असे आपण खात्रीने कसे म्हणणार? मेरिना त्याला सोडून जात नाही, ते कदाचित याचमुळे.

आमच्या आजीच्या गोष्टींत मेलेल्यांचे दोन प्रकार असत आणि ते मला इथे उपयोगी वाटतात. वेताळ झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरतो, विक्रमाच्या खांद्यावर बसून बोलतो. पण त्या प्रेताचा मूळ धनी तो नव्हे, तो तिथे बाहेरून आलेला आहे. मुंजाचे तसे नाही. मुंज झालेला मुलगा सोडमुंजीआधी गेला की तो पिंपळावर राहतो, आणि तिथे राहणारा तो स्वतःच असतो, आपल्या अपुऱ्या इच्छेने बांधलेला. कॉनरच्या देहाला हलवणारी शक्ती वेताळासारखी बाहेरची आहे. अस्टेरियन मुंजाच्या जातीचा आहे. तो पूर्णपणे तोच आहे, त्याच्या आठवणी, त्याचा अभिमान, त्याची भीती, सगळे त्याच्यापाशी आहे. फक्त मुंजाला त्याच्या स्वतःच्या इच्छेने बांधलेले असते आणि अस्टेरियनला दुसऱ्याच्या. पाचव्या आवृत्तीप्रमाणे व्हॅम्पायरने ज्याला मारून पुरले तो दुसऱ्या रात्री त्याचा दास होऊन उठतो, आणि मालकाने आपले रक्त पिऊ दिले तरच तो स्वतंत्र व्हॅम्पायर होतो. कॅझाडोरने ते कधीच होऊ दिले नाही. त्याला सात हजारांहून अधिक जीव बळी देऊन स्वतः सूर्याखाली चालायचे होते, आणि त्या यादीत अस्टेरियनचेही नाव होते.

कॅझाडोर मेल्यावर बांधणारी इच्छा संपते. आपल्याकडच्या गोष्टीत मुंजा त्या क्षणी सुटला असता. इथे इच्छा सुटते आणि शरीर तसेच उरते, म्हणून बंदरावरचा तो प्रसंग इतका लागतो. बळींचा विधी त्याने स्वतः पुरा केला तर ऊन त्याला बाधत नाही हे खरे, पण त्यासाठी त्याला कॅझाडोरसारखेच त्या सात हजारांचे बळी द्यावे लागतात. मी दोन्ही शेवट पाहिले आहेत, आणि मला उन्हातून पळणारा अस्टेरियन जास्त जिवंत वाटला.

मांजराकाठ (लातूर)

इतकी सविस्तर उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. दुधनाकाठच्या ताई, वेताळ आणि मुंजा हा भेद मी भावाला फोनवर वाचून दाखवला. कॉनरला पुरलेलाच राहू द्यावे असे त्याला का वाटत होते, हे त्याला आता शब्दांत सांगता आले: त्याला त्या देहात दुसरे कोणीतरी दिसत होते. मला मात्र त्यात अजून कॉनरच दिसत होता. त्यामुळे प्रेताने नकार देण्याचा तुमचा मुद्दा माझ्या बाजूचा आहे.

माझे दोन उपप्रश्न आहेत. ‘ट्रू रेझरेक्शन’ मेलेल्या जिवावर चालतो. मग अस्टेरियनला परत आणण्यासाठी आधी त्याला नष्ट करावे लागेल का? आणि त्याची दोनशे वर्षे व मंत्राची दोनशे वर्षांची मुदत या दोन्ही गोष्टी इतक्या जवळ येणे मला विचित्र वाटते. तो स्वतः ‘दोनशे वर्षे’ असेच म्हणतो. त्यात काही वर्षे वरची असली तर हे दार आधीच बंद झाले आहे.

देवगिरीचा पहारेकरी (छत्रपती संभाजीनगर)

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर, माझ्या समजुतीप्रमाणे, होय. मजकुरात ‘मेलेला जीव’ असे आहे आणि अनडेड जीव चालताबोलता असतो तोवर त्याला मेलेला म्हणता येत नाही. त्याला आधी नष्ट करावे लागते, आणि त्यानंतरच आत्मा मोकळा झाला असे मानता येते. दुसऱ्या प्रश्नात एक पोटप्रश्न दडलेला आहे: दोनशे वर्षे कोणत्या मरणापासून मोजायची? कॅझाडोरने मारले त्या पहिल्या मरणापासून मोजली तर मुदत जवळपास संपलेली आहे. पण नष्ट केले त्या दुसऱ्या मरणापासून मोजली तर एक दिवसही गेलेला नाही. नियम याबाबत काही बोलत नाही. मी खेळ चालवत असेन तर दुसऱ्या मरणापासून मोजीन, कारण सुधारित मजकुरात अनडेडचा उल्लेख मुद्दाम केलेला असताना त्यांच्यातल्या जुन्यांना मुदतीच्या नावाखाली वगळणे अन्यायाचे होईल.

अस्टेरियन एल्फ या मानवेतर वंशाचा आहे, हेही इथे महत्त्वाचे आहे. १९७८ च्या नियमपुस्तकात ‘रेझ डेड’ कोणाकोणावर चालतो याची जी यादी होती, तीत एल्फ नव्हतेच, आणि त्या काळी एल्फांना आत्मा मानवी प्रकारचा नसतो असे धरले जाई. पाचव्या आवृत्तीत हा भेद उरलेला नाही. तो उरला असता तर अस्टेरियनसाठी आपण आज इतकी चर्चाही करू शकलो नसतो. ‘विश’ मंत्राचा पर्याय कोणी सुचवील म्हणून आधीच सांगतो: तो आठव्या दर्जापर्यंतच्या मंत्रांची हुबेहूब नक्कल करतो, नवव्याची नाही. ‘ट्रू रेझरेक्शन’चे फळ त्याच्याकडून मागायचे तर मोकळी इच्छा मागावी लागते, आणि तशी इच्छा मागणाऱ्याची ‘विश’ म्हणण्याची शक्ती कायमची जाण्याची शक्यता ३३ टक्के असते.

राजी असण्याच्या अटीविषयी माझा स्वतःचा अनुभव सांगतो. आमच्या रविवारच्या खेळात एका मैत्रिणीच्या पात्राची धाकटी बहीण व्हॅम्पायरची दास झाली होती. तिला परत आणण्यासाठी त्या मैत्रिणीने जवळपास वर्षभर खेळात हिरे जमवले. आम्ही बाकीच्यांनी आपल्या वाट्याची लूट तिला दिली. शेवटी बहिणीला नष्ट करून मंत्र म्हटला गेला. आता बहिणीच्या आत्म्याच्या वतीने मला उत्तर द्यायचे होते, आणि ते मी आधी ठरवलेले नव्हते. मी मैत्रिणीला विचारले की बहिणीने दास असताना ज्यांना मारले, त्यांच्याविषयी तुझे पात्र तिला काय सांगेल. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “मी तिला सांगेन की त्यांची नावे मला ठाऊक आहेत, आणि ती मी तिच्यासोबत वाहीन.” मी बहिणीला राजी धरले. मैत्रिणीने दुसरे काही उत्तर दिले असते तर २५,००० चे हिरे वाया गेले असते, आणि मी तसे होऊ दिले असते.

बालाघाट (बीड)

हे वाचून मी माझे पहिले म्हणणे अर्धे मागे घेतो. लेव्हल १२ ही कामाची मर्यादा होती हे अजूनही खरे आहे. परंतु त्या मर्यादेमुळे झाले असे की बाहेरच्या कोणत्याही मंत्राने अस्टेरियनला सोडवण्याची वाट आपल्याला गेममध्ये मिळत नाही आणि त्याने स्वतः काय निवडायचे एवढेच उरते. नववा दर्जा हाताशी असता तर बहुतेक खेळाडूंनी त्याला न विचारताच बरा करून टाकला असता. मीही तेच केले असते.

मांजराकाठ (लातूर)

भाऊ उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा येणार आहे. दुसऱ्या वेळच्या खेळात गेलला पहिल्याच अंकात मरू द्यायचे, कोडे सोडवून स्क्रोल मिळवायचे आणि गेलला मात्र विदर्सकडून उठवून ते स्क्रोल शेवटपर्यंत जपून ठेवायचे असे आम्ही ठरवले आहे. ते अस्टेरियनवर चालेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. ते गेलसाठी दिलेले आहे. तरी कॅझाडोर मेल्यानंतरच्या रात्री, तळावर, ते एकदा वापरून पाहायचे आहे. त्याआधी दलदलीत कॉनरच्या पेटीजवळ थांबावे लागेल, आणि या वेळी कांडी वापरायची की नाही ते भावाने ठरवायचे आहे. जे होईल ते इथेच लिहीन.